गोठ्यातला ताप आणि आपण

डॉक्टरांच्या स्मरणिकेत गाईच्या तापावर लेख कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. मधुमेह, हृदयविकार, वार्धक्यातील विस्मरण या विषयांवर अशा अंकांतून पुष्कळ लिहून झाले आहे आणि ते आवश्यकही होते. परंतु बडोद्यापासून आणंद जेमतेम पस्तीस-चाळीस किलोमीटरवर आहे. ज्या शहराची सकाळ दुधाच्या पिशवीने सुरू होते, तेथील वैद्यकांनी त्या दुधामागे उभ्या असलेल्या जनावराच्या एका प्रमुख आजाराची तोंडओळखही करून घेऊ नये, हे मला फार दिवसांपासून खटकत आले आहे. हा आजार म्हणजे थायलेरियोसिस. आपल्या मराठीत सरसकट गोचीडताप म्हटला जाणाऱ्या आजारांपैकी सर्वांत घातक. गोचीड म्हणजे इथल्या गुजराती शेतकऱ्याची ‘इतरडी’.

वैद्यकशास्त्रावर गाईचे एक जुने ऋण आहे, तेथूनच सुरुवात करणे योग्य. संधिपाद प्राणी रोगजंतूंचे वहन करून तो रोग एका सस्तन प्राण्याकडून दुसऱ्याकडे पोहोचवतात, हे प्रयोगाने निर्विवाद सिद्ध झाले ते मलेरियाच्या संदर्भात नव्हे, तर अमेरिकेतील गुरांच्या ‘टेक्सास तापा’च्या संदर्भात. दक्षिणेकडील धडधाकट गुरांचे कळप उत्तरेकडे हाकले गेले की त्यांच्या वाटेवरील उत्तरेची गुरे मरत आणि दक्षिणेची मात्र खुशाल चरत असत. गुराख्यांना गोचिडीचा संशय होता. विद्वानांनी तो हसण्यावारी नेला होता. थिओबाल्ड स्मिथ या वैद्यकाने आणि एफ. एल. किलबोर्न या पशुवैद्यकाने १८८९ पासून तो संशय गांभीर्याने घेतला. कुंपण घातलेल्या शेतांत त्यांनी दक्षिणेची गुरे उत्तरेच्या गुरांबरोबर ठेवली. एका शेतातील गुरांच्या अंगावरील गोचिडी हाताने वेचून काढल्या, दुसऱ्या शेतातील तशाच राहू दिल्या, तर आणखी एका शेतात दक्षिणेची गुरे न आणता केवळ गोचिडी सोडल्या. जेथे गोचिडी, तेथे ताप. जेथे त्या नाहीत, तेथे ताप नाही. त्यांचा अहवाल १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरभित्तीत मलेरियाचे जंतू दिसले ते त्यानंतर चार वर्षांनी, २० ऑगस्ट १८९७ रोजी. रॉस यांचे नाव आपण विद्यार्थिदशेतच पाठ करतो. स्मिथ यांचे नाव आपल्यापैकी किती जणांना आठवते? किलबोर्न यांचे तर सोडाच.

टेक्सास ताप हा बबेसिया या परोपजीवीचा आजार. थायलेरिया हा त्याचा जवळचा नातलग, आणि दोघेही मलेरियाच्या प्लास्मोडियमच्या दूरच्या भावकीतले. आपल्याकडे गुरांना होणाऱ्या आजाराचे कारण थायलेरिया अन्युलाटा. झुन्कोवस्की आणि लूस यांनी कॉकेशस भागातील गुरांत १९०४ मध्ये त्याचे वर्णन केले. त्याच्या आफ्रिकी भावंडाच्या ज्या विशिष्ट अवस्थेला आजही ‘कॉखचे कण’ म्हणतात, ती रॉबर्ट कॉख यांनी पूर्व आफ्रिकेत पाहिली. प्लेगच्या अभ्यासासाठी ते १८९७ मध्ये मुंबईस आले होते आणि तेथूनच आफ्रिकेकडे गेले. आपल्या देशातील पशुरोग संशोधनाचा उगमही महाराष्ट्रातलाच: १८८९ मध्ये पुण्यास सुरू झालेली इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी १८९३ मध्ये कुमाऊंतील मुक्तेश्वर येथे हलवण्यात आली आणि तिचीच पुढे भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था झाली.

इतिहास पुरे. आता आपल्या दारातल्या गोष्टीकडे वळू.

शतकानुशतके या परोपजीवीच्या सहवासात वाढलेल्या आपल्या देशी गाईला, मग ती गीर असो, कांकरेज असो वा घाटावरची खिल्लार, हा आजार लहानपणी सौम्य स्वरूपात होतो आणि ती बहुधा त्यातून निभावते. परदेशी रक्ताच्या गाईची गोष्ट वेगळी. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ १९६५ मध्ये आणंदला स्थापन झाले, १९७० मध्ये दुधाचा महापूर योजना सुरू झाली. त्या काळापासून होल्स्टीन आणि जर्सी वळूंच्या वीर्याने देशी गाईंचे कृत्रिम रेतन करून संकरित गाई निर्माण करण्याचे काम देशभर झाले. २०१२ च्या पशुगणनेत परदेशी व संकरित गोवंशाची संख्या सुमारे चार कोटी होती. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत ती पाच कोटींवर गेली. दुधाच्या बाबतीत त्याचे फळ आपण सर्वांनी चाखले आहे आणि त्याबद्दल कुरकुर करण्याचा मला अधिकार नाही. परंतु त्याच वेळी आपण पाच कोटी अशी जनावरे या भूमीवर आणून उभी केली की ज्यांच्या पूर्वजांनी ही गोचीड कधी पाहिलीच नव्हती.

आजाराचे चित्र वैद्यकांना सहज समजेल असे आहे. गोचीड चावल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी ताप चढतो, तो १०४ ते १०७ अंश फॅरनहाइटपर्यंत. खांद्यापुढील लसिकाग्रंथी हाताला लागण्याजोग्या नव्हे, दुरून दिसण्याजोग्या सुजतात. गाय खाणे सोडते, रवंथ थांबतो, दूध एकाएकी आटते. पुढे पंडुरोग, कावीळ, श्लेष्मल त्वचेवर रक्तस्रावाचे ठिपके, धाप. वेळीच औषध न मिळाल्यास दोन-तीन आठवड्यांत मृत्यू. जी वाचते ती पुष्कळदा पूर्वीइतके दूध देत नाही आणि रक्तात थोडे परोपजीवी बाळगत पुढील गोचिडींना संसर्ग देत राहते.

एक प्रसंग सांगतो. पादरा तालुक्यातून माझ्याकडे रक्तदाबाच्या उपचारासाठी नियमित येणाऱ्या एक बाई एका श्रावणात फार वाढलेल्या रक्तदाबाने आल्या. गोळ्या दोन महिने बंद होत्या. कारण विचारले तर आधी बोलेनात. मग म्हणाल्या, साहेब, गाईच्या इंजेक्शनात पैसे गेले आणि गायही गेली. घरात एकच दुभती गाय होती. डेअरीत दोन वेळा दूध घालून जे येत असे त्यावर किराणा, नातवाची फी आणि बाईंच्या गोळ्या चालत. माझ्या टिपणात मी ‘औषधोपचारात खंड’ एवढेच लिहिले. वस्तुतः त्या खंडाचे निदान थायलेरिया अन्युलाटा असे लिहायला हवे होते.

हा परोपजीवी शास्त्रदृष्ट्या किती विलक्षण आहे, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. मलेरियाचा जंतू यकृतातील व रक्तातील पेशीत शिरतो, तेथे वाढतो, पेशी फोडून बाहेर पडतो. थायलेरियाने निराळा मार्ग धरला आहे. गोचिडीच्या लाळेतून आलेला हा जंतू गाईच्या श्वेतपेशींत, विशेषतः भक्षकपेशींत शिरतो, भोवतीचे आवरण टाकून देतो आणि पेशीद्रवात उघडाच राहतो. मग तो पेशीला मारत नाही, तिला अमर करतो. ज्या पेशीने विभाजन थांबवलेले असते ती पुन्हा विभागू लागते, आणि विभाजनाच्या वेळी परोपजीवी तिच्याच सूत्रजालाला चिकटून स्वतःचेही दोन भाग करून घेतो. म्हणजे प्रत्येक कन्यापेशीत तो आपोआप हजर. विभाजनाला लागणारी यजमान पेशीची प्रथिने तो स्वतःकडे कशी ओढून घेतो, हे बर्न विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये दाखवले. संसर्ग झालेल्या या पेशी प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे वाढत राहतात, शरीरात इतर ऊती भेदून पसरतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्यास हा लसिकापेशींचा कर्करोग वाटावा. आणि गंमत अशी की औषधाने आतला परोपजीवी मारला की ही ‘कर्करोगी’ पेशी काही दिवसांत विभाजन थांबवते आणि मरून जाते. एका सूक्ष्मजीवाने लावलेला आणि त्याच्या मरणाबरोबर मागे फिरणारा कर्करोगसदृश बदल! गुणसूत्रांतील मूळ अक्षरे न बदलता पेशीचे वर्तन इतके कसे बदलते, याचा शोध घेण्यासाठी पॅरिस, ग्लासगो, बर्न येथील प्रयोगशाळांनी गाईचा हा आजार हाती घेतला आहे. २००५ मध्ये या परोपजीवीची संपूर्ण जनुकसंहिता प्रसिद्ध झाली. सुमारे ३,८०० जनुके, चार गुणसूत्रे. २०१५ मध्ये पॅरिसच्या गटाने परोपजीवी पेशीत सोडत असलेले एक विकर शोधले, ज्याच्या मानवी समकक्ष विकराचा संबंध अनेक कर्करोगांशी आहे. आपल्याकडील अर्बुदतज्ज्ञांपैकी कोणी हे वाचले असेल तर मला आनंदच होईल.

औषधाची कथाही आपल्याशी निगडित आहे. दुसऱ्या महायुद्धात क्विनिनचा तुटवडा पडला, तेव्हा हार्वर्डमधील लुई फीझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नॅफ्थोक्विनोन गटातील शेकडो संयुगे मलेरियावर तपासली. माणसासाठी त्यातून त्या वेळी काही हाती लागले नाही. परंतु तोच धागा पुढे धरून इंग्लंडमधील वेलकम प्रयोगशाळेने ऐंशीच्या दशकात थायलेरियासाठी आधी पार्वाक्वोन आणि मग बुपार्वाक्वोन दिले. त्याच कुळातील अटोवाक्वोन आपण मलेरियासाठी प्रोग्वानिलबरोबर, मानवी बबेसियोसिससाठी अझिथ्रोमायसिनबरोबर आणि न्यूमोसिस्टिस न्यूमोनियासाठी वापरतो. दोन्ही औषधांचा घाव एकाच ठिकाणी बसतो, परोपजीवीच्या मायटोकाँड्रियातील सायटोक्रोम-बी वर. आणि दोन्हींना प्रतिकारही त्याच जनुकातील बदलांनी निर्माण होतो. ट्युनिशिया, इराण, सुदान येथून बुपार्वाक्वोनला न जुमानणारा थायलेरिया नोंदला गेला आहे. या आजारावर खात्रीचे औषध म्हणावे असे आज हे एकच आहे, आणि आपल्याकडे ते कसे वापरले जाते? ताप दिसला की रक्ताची काचपट्टी न पाहता अर्धीमुर्धी मात्रा, सोबत टेट्रासायक्लिन, सोबत एखादे स्टेरॉइड. हे वर्णन ऐकून कोणा डॉक्टरला आपल्या शेजारच्या गल्लीतील तापावरचे उपचार आठवले तर तो निव्वळ योगायोग मानू नये. काचपट्टीवर जिम्सा रंग देऊन तांबड्या पेशींतील अंगठीसारखे जंतू किंवा ग्रंथीतील स्रावात कॉखचे कण पाहणे हे पाऊण तासाचे काम आहे. त्याचा खर्च इंजेक्शनाच्या तुलनेत नगण्य.

माझा मुख्य मुद्दा मात्र औषधाचा नाही, लसीचा आहे.

या आजाराविरुद्ध लस नाही असे अनेकांना वाटते. ती आहे, आणि तिचा एक मोठा टप्पा आपल्या शेजारच्या गावी पार पडला आहे. अल्जीरियातील पाश्चर संस्थेत एडमंड सर्जंट आणि सहकाऱ्यांनी १९२० च्या दशकातच सौम्य प्रकारच्या जंतूंनी बाधित रक्त टोचून गुरांना संरक्षण देण्याचा मार्ग दाखवला होता. १९४५ मध्ये पॅलेस्टाईनमध्ये चेर्नोमोरेट्झ यांनी कॉखचे कण असलेल्या पेशी शरीराबाहेर वाढवल्या. पुढे असे लक्षात आले की या पेशी प्रयोगशाळेत शेकडो वेळा पुनःपुन्हा वाढवत नेल्या की त्यांचा मारकपणा ओसरतो. ऊती विरघळवून आत शिरण्याची विकरे त्या हळूहळू गमावतात. प्रतिकारशक्ती जागवण्याचा गुण मात्र राहतो. याच तत्त्वावर राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने आणंदला भारतीय वाणाची पेशीसंवर्धित लस विकसित केली आणि मंडळाच्याच हैदराबाद येथील इंडियन इम्युनॉलॉजिकल्स या संस्थेने ती ‘रक्षाव्हॅक-टी’ या नावाने बाजारात आणली.

मग गाई का मरतात? कारण ही लस जिवंत पेशींची आहे. ती द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सियसला ठेवावी लागते आणि वितळवल्यावर थोड्याच वेळात टोचावी लागते. साध्या बर्फाच्या पेटीत ती गावोगाव फिरवता येत नाही. ‘शीतसाखळी नाही’ हे उत्तर कार्यालयांतून इतके सवयीने दिले जाते की त्यापुढे कोणी विचारच करत नाही.

मी विचारतो. ज्या कृत्रिम रेतनातून ही संकरित गाय जन्मली, त्यासाठीचे गोठवलेले वीर्य गावात कशातून आले होते? द्रवरूप नायट्रोजनच्या डब्यातूनच! गेली अनेक दशके तो डबा मोटारसायकलच्या मागे बांधून रेतनसेवक खेडोपाडी जातो. नायट्रोजन भरण्याची केंद्रे आहेत, त्याचे वेळापत्रक आहे, तो हाताळणारी माणसे आहेत. जी व्यवस्था दुर्बल जनावर जन्माला घालण्यासाठी उणे १९६ अंश टिकवू शकते, ती व्यवस्था त्याच जनावराच्या रक्षणासाठी तेवढेच तापमान टिकवू शकत नाही, हे मला पटत नाही. वासरू दोन-तीन महिन्यांचे झाले की त्याच रेतनसेवकाच्या फेरीत, पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली लस द्यावी, यात अशक्य काय आहे? अडचणी असतील: कुपीत अनेक मात्रा असतात, तेव्हा एकाच दिवशी पुरेशी वासरे एकत्र आणावी लागतील. पण सहकारी दूध संस्थेच्या दारात दोन वेळा सारे गाव जमते. पोलिओच्या रविवारी आपण मुले जमवली, ती याहून अवघड परिस्थितीत.

खरे कारण शीतसाखळी नसून महत्त्वक्रम आहे, असे माझे मत आहे. २०१९ मध्ये केंद्र सरकारने लसीकरणाने पशुरोग आटोक्यात आणण्याचा मोठा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला तेव्हा त्यात लाळ-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस हे रोग घेतले. ते योग्यच होते. लाळ-खुरकूत एका जनावराकडून दुसऱ्याकडे वणव्यासारखी पसरते, तिच्यामुळे निर्यात अडते. ब्रुसेलोसिस माणसालाही होतो. गोचीडताप मात्र एका गोठ्यात एक, दुसऱ्या गोठ्यात दोन असा विखरून मारतो. त्याची बातमी होत नाही. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोगाने गुजरातेत, राजस्थानात गाई रस्त्याकडेला मरून पडल्या तेव्हा सारे हलले, लशी धावल्या. दर पावसाळ्यात घराघराच्या मागे पुरली जाणारी एकेक गाय कोणाला हलवत नाही.

येथे एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो. परदेशी रक्ताच्या नादी लागू नये, देशी गाईकडे परत जावे, म्हणजे प्रश्नच मिटेल. देशी गाईविषयी मला आदर आहे. पण हा सल्ला देणारे बहुधा दूध विकून पोट भरणारे नसतात. शिवाय देशी गाय या जंतूपासून मुक्त नसते, तो ती पचवते. तिच्या रक्तातून गोचिडीला संसर्ग होतच राहतो. एडिंबरो येथील संशोधकांनी साहिवाल आणि होल्स्टीन वासरांना सारखाच संसर्ग देऊन २००५ मध्ये जे निष्कर्ष मांडले, त्यात मला अधिक रस आहे. साहिवाल वासरांना ताप कमी, दाहक प्रथिनांची प्रतिक्रिया मर्यादित, आणि ती सावरली. म्हणजे फरक जंतू मारण्याच्या शक्तीचा तेवढा नाही, जेवढा स्वतःच्या दाहक प्रतिक्रियेला आवर घालण्याचा आहे. जंतुसंसर्गाने झालेल्या विषमयतेत आपण अतिदक्षता विभागात हेच पाहतो. हा गुण कोणत्या जनुकांत आहे ते शोधून पैदाशीत आणता आला तर दूध आणि प्रतिकार दोन्ही साधतील. देशी गाईचे खरे जतन यात आहे; नुसत्या घोषणांनी तिला चारा मिळत नाही.

आता गोचिडीकडे, कारण तिच्यामुळेच हा विषय आपल्या दवाखान्यात येतो. थायलेरिया वाहणारी आपल्याकडील प्रमुख गोचीड हायलोमा अनाटोलिकम. तिची पिल्ले गाईचे रक्त पिऊन खाली पडतात आणि गोठ्याच्या भिंतींच्या भेगांत, दगडांच्या सांदीत, गव्हाणीखाली शिरून कात टाकतात. मोठी झाली की पुन्हा दुसऱ्या जनावरावर चढतात. एका अवस्थेत घेतलेला जंतू पुढील अवस्थेत दुसऱ्याला दिला जातो, अंड्यांतून मात्र जात नाही. नव्याने चिकटलेल्या गोचिडीतील जंतू संसर्गक्षम व्हायलाही दोन-तीन दिवस लागतात, म्हणून रोज हात फिरवून गोचिडी काढण्याच्या जुन्या सवयीत तथ्य होते. आपण मात्र सारा भर अंगावरील फवारणीवर दिला. परिणाम असा की सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन यांना दाद न देणाऱ्या गोचिडी देशाच्या अनेक भागांत आढळू लागल्या आहेत. शेतकरी मात्रा वाढवतो, उघड्या हातांनी कालवतो, बाटली पाण्याच्या माठाशेजारी ठेवतो, आणि पुढचा अंक आपल्या आपत्कालीन कक्षात होतो. ट्युनिशिया आणि मोरोक्कोत गोठ्याच्या भिंतींच्या भेगा बुजवून गुळगुळीत गिलावा केल्याने हा रोग आटोक्यात येत असल्याचे दिसले. आपल्या आज्या दर सणाला गोठा सारवत, भेगा लिंपत. त्यामागे गोचिडीचे शास्त्र होते असा दावा मी करणार नाही. पण उपयोग होत असणार.

हीच हायलोमा गोचीड क्रायमियन-काँगो रक्तस्रावी तापाचा विषाणूही वाहते. गाय त्याने आजारी पडत नाही, माणूस मरतो. जानेवारी २०११ मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातील कोलाट गावच्या एका महिलेला हा आजार झाला. तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि तिची शुश्रूषा करणारी परिचारिका, दोघेही दगावले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने निदान केले. भारतातील निश्चित निदान झालेला तो पहिलाच उद्रेक. त्यानंतर गुजरातेत आणि राजस्थानात पुन्हा रुग्ण आढळले, आणि २०१३-१४ मध्ये देशाच्या अनेक राज्यांतील गुरे, शेळ्या, मेंढ्या तपासल्या तेव्हा या विषाणूची प्रतिपिंडे जागोजाग सापडली. ही गोचीड गुजरातेतील गोठ्यांत मुक्कामाला आहे, हे पशुवैद्यकांना कितीतरी आधीपासून ठाऊक होते. गोचीडतापामुळेच ठाऊक होते. ते ज्ञान आपल्यापर्यंत पोहोचायला दोन सहव्यावसायिकांचा जीव जावा लागला. कोकण-गोव्यातील आपल्या बांधवांचा अनुभवही निराळा नाही. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात ओळखला गेलेला क्यासनूर अरण्यताप २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्गात पोहोचला. तोही गोचिडीबरोबरच.

पावसाळ्यात ताप, अंगदुखी आणि घसरलेल्या प्लेटलेट घेऊन आलेला प्रत्येक रुग्ण आपल्याला डेंग्यूचा वाटतो, आणि बहुतेक वेळा तो असतोही. परंतु त्याला ‘घरी जनावर आहे का, गोचीड हाताने चिरडलीत का, जनावर कापलेत का’ हे तीन प्रश्न विचारायला अर्धे मिनिट पुरते. उत्तर होकारार्थी असेल आणि रक्तस्राव सुरू असेल तर हातमोजे, मुखपट्टी, वेगळी खोली आणि नमुना पुण्याला. आमच्या विद्यार्थिदशेत व्यवसाय विचारण्याची पद्धत होती. आता छापील अर्जावर ‘शेती’ किंवा ‘गृहिणी’ एवढीच खूण होते, आणि त्या गृहिणीच्या मागच्या दारी दोन म्हशी व एक संकरित गाय उभी असते याचा पत्ता लागत नाही.

आपल्या मंडळाच्या वार्षिक सभेत हृदयरोगतज्ज्ञ येतात, अस्थिरोगतज्ज्ञ येतात, औषध कंपनीच्या खर्चाने जेवणही होते. एखाद्या पशुवैद्यकाला वक्ता म्हणून बोलावल्याचे मला आठवत नाही. आणंदला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, बडोद्यात वैद्यकीय महाविद्यालय आहे. दोन्हींच्या परोपजीवीशास्त्र विभागांत गाडीने तासाभराचे अंतर. स्मिथ आणि किलबोर्न एकाच शेतात उभे राहून गोचिडी वेचत होते. मी मंडळाच्या कार्यकारिणीस असे सुचवतो की यंदा पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यातला एखादा रविवार धरून, आणंद आणि बडोदा जिल्ह्यांतील पशुवैद्यकांबरोबर एक संयुक्त बैठक घ्यावी. भाषणे कमी ठेवावीत. कोणत्या तालुक्यात गोचीडतापाच्या केसेस वाढल्या, कोठे फवारणी निकामी ठरली, एवढी माहिती त्यांच्याकडून दर महिन्याला आपल्याला मिळावी, आणि आपल्याकडे आलेल्या संशयित तापाच्या रुग्णाचे गाव, नाव वगळून, त्यांना कळावे. लसीच्या बाबतीत दूध संघाला लिहिण्याचे पत्रही त्याच बैठकीत तयार होऊ शकेल. डॉक्टरांच्या सह्या असलेले पत्र फाइलीत जरा उशिरा हरवते. जागेची अडचण पडल्यास माझ्या दवाखान्याचा वरचा मजला त्या दिवशी मोकळा असतो. सूक्ष्मदर्शक तेथे आहे; काचपट्ट्या त्यांनी आणाव्यात.